अप्पा कुठं जेवत होते

सत्य बोलून मोकळं झाल्याशिवाय माणसाला सुखानं मरण येत नाही. हे वाक्य माझंच आहे. एका वर्षी वसंत व्याख्यानमालेत मी ते उच्चारलं आणि श्रोत्यांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. वास्तविक माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं काहीही न सांगता अगदी सुखानं गेली; एकदोघं तर झोपेतच गेली. पण सोलापूरच्या एप्रिलात लोकरी कोट चढवून, गळ्यात हार घेऊन उभं राहिलं की तोंडातून असली वाक्यं येतात. उष्णतेचा परिणाम असावा.

तेव्हा सुखानं मरण्यासाठी मी हे लिहीत नाही. मग कशासाठी? — खरं सांगू? मला माहीत नाही. एवढंच, की ही गोष्ट आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तिला यातली निम्मी ठाऊक आहे, आणि गेल्या दहा-अकरा वर्षांत तिनं ती एकदाही तोंडावर आणलेली नाही. उरलेली निम्मी माझ्यापाशीच आहे. तुम्ही कोण ते मला दिसत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — आणि बघा, एवढं लिहून झालं तरी मी अजून कोटाबद्दलच बोलतो आहे.

गोष्ट माझ्या वडिलांची आहे. त्यांच्या जेवणाची.

आम्ही लिंगायत. घरात कानडी, दारात मराठी. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं, ज्वारी आणि तूर. मी मात्र शिकलो आणि इंग्रजी शाळेत मास्तर झालो. अप्पांना त्याचा इतका अभिमान की गिऱ्हाईकाला ज्वारी मापून देता देता ते माझ्या परीक्षांची नावं सांगत. चुकीची सांगत. मी तिथं असलो तर दुरुस्त करत असे. गिऱ्हाईक दोन्ही नावांना सारखीच मान डोलवायचं.

आमच्या लोकांत ताटात घेतलेलं अन्न टाकत नाहीत. लिंगपूजा करून जेवायला बसलं की ताटात आलेला तो प्रसाद. तो संपवायचा, मग ताटात पाणी घालून, बोटानं ताट धुऊन, ते पाणीही पिऊन टाकायचं. अप्पा हे काटेकोर पाळत. पण त्यांची एक तऱ्हा होती. ते तीन भाकऱ्या घेत, शेंगाच्या चटणीचा ढीग, वर तेलाची धार — आणि अडीच भाकऱ्यांवर थांबत. उरलेली अर्धी ताटासकट अव्वाकडे सरकवत. अव्वा, म्हणजे माझी आई, समोरच बसलेली असायची. ‘मला कशाला, मी मागून जेवते की,’ असं म्हणायची आणि ती अर्धी खायची. ताट धुऊन पिण्याचं काम मग तिच्याकडे. चाळीस वर्षं हे चाललं. अर्धी भाकरी जास्त होणार हे रोज दोघांनाही ठाऊक, आणि तरी रोज तीनच.

हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. तुम्हाला वाटलं असतं का?

मग अव्वा गेली. चार दिवसांचा ताप, बस. अप्पा त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. चांगले भरलेले, गोल चेहऱ्याचे, जिना चढताना धापा टाकणारे. दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि पहिल्या दिवशी अप्पा नेहमीसारखे ताटावर बसले. माझ्या बायकोनं तीन भाकऱ्या वाढल्या. ते ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एक काढ ग पोरी. उरंल.”

दुसऱ्या आठवड्यात दोनाची दीड झाली. मग एक. ताटात घेतलेलं टाकायचं नाही, आणि उरलेलं घ्यायला कुणी नाही. मग माणूस घेतानाच कमी घेतो. इतकं हे सरळ होतं. मला ते तेव्हा कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण कळलं होतं. कारण त्याच महिन्यात एकदा त्यांनी ती अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली होती.

आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांनी भाकरी मोडली, थोडी खाल्ली, आणि उरलेली माझ्या ताटाच्या कडेला आणून म्हणाले, “मल्लू, एवढी घे की.”

आणि मी — मी त्यांना जंतूंबद्दल सांगितलं.

हसू नका. त्या काळात मी आरोग्यावरची इंग्रजी पुस्तकं वाचत होतो. व्हायटॅमिन हा शब्द सोलापुरात माझ्याआधी कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. घरात मी सुधारणा केली होती: प्रत्येकाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही. बायकोनं माझ्या ताटात जेवायचं बंद केलं होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला स्त्रियांचा कैवारी समजत होतो. तर अप्पांना मी समजावून सांगितलं, की लाळेतून रोग पसरतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या. शेवटचे तीन शब्द बोलायची काही गरज नव्हती. अप्पांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. माझं बोलणं ते नेहमीच लक्ष देऊन ऐकत. मग त्यांनी तो तुकडा परत आपल्या ताटात घेतला, पाण्यात भिजवला, आणि बराच वेळ लावून संपवला.

हा माझा अपराध नव्हे. म्हणजे — आहे, पण मी सांगायला बसलो तो हा नव्हे. हा मी माझ्या अडाणीपणात घालू शकतो.

यानंतरचाही नव्हे. यानंतर मी त्यांच्याबरोबर जेवणंच टाळू लागलो. दिवेलागणीला मी घरी आलो की अप्पा कट्ट्यावर बसलेले असत. विचारत, “ऊटा आतेन, मल्लू?” — जेवण झालं का? आमच्याकडे कानडीत माणूस भेटला की हेच विचारतात, पण अप्पा खरोखर विचारत असत. माझं झालं नसेल तर ते थांबलेले असत. आणि मी म्हणत असे, “झालं, अप्पा. मित्राकडे जेवून आलो.”

झालेलं नसे. ते आत जाऊन एकटे बसत, दोन घास खात, पुन्हा कट्ट्यावर येत. मग मी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून जेवत असे.

का? अव्वाची आठवण निघाली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज न करता, घास तोंडात असताना. ते मला बघवत नसे — असं लिहायचं माझ्या मनात होतं. वाचायलाही बरं वाटलं असतं. पण खरं असं, की मला कंटाळा यायचा. त्यांना दात उरले नव्हते. एका भाकरीला पाऊण तास लागायचा. आणि अव्वाच्या त्याच तीन गोष्टी. मला वाचनालयात जायचं असायचं, जिथं मी थोर पुरुषांची चरित्रं वाचत असे.

एकदा ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि मी जेवत होतो. मी वळून बघितलं. ते दारात होते, हातात तांब्या. पाणी न घेताच परत गेले. दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा ते कट्ट्यावरच होते. “ऊटा आतेन, मल्लू?” काल काही घडलंच नव्हतं अशा आवाजात. आणि मी काय म्हणालो असेन असं तुम्हाला वाटतं? “झालं, अप्पा.”

सहा महिन्यांत त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. दुकान त्यांनी चुलतभावाकडे सोपवलं. दाढी वाढली. सकाळी उठायचे ते उशिरा, आणि उठून भिंतीकडे बघत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, “काय न्हाय की. बसलोय.” मी डॉक्टर आणला. त्यानं जीभ बघितली, नाडी बघितली, आणि वय विचारलं. वय ऐकल्यावर त्याला सगळा उलगडा झाला. आमच्या समाजातल्या मंडळींनी दुसरं निदान केलं. त्यांच्या मते अप्पांना वैराग्य आलं होतं. बायको गेल्यावर माणसानं अन्नावरची वासना सोडली, केवढी ही योग्यता! लोक येऊन त्यांच्या पाया पडू लागले. अप्पा संकोचून पाय आत ओढून घेत.

मला असल्या थोतांडाचं हसू यायचं. पण मी ते खोडून काढलं नाही. वैराग्य म्हटलं की मुलाकडं कुणी बोट दाखवत नाही.

मी माझ्या परीनं शास्त्रीय उपाय सुरू केला. संत्री आणली. दूध वाढवलं. तिखट, तेल आणि शेंगाची चटणी बंद केली, म्हणजे त्यांना अन्नातलं जे काही आवडत होतं ते सगळं. आणि — आश्चर्य बघा — दोनेक महिन्यांत अप्पा सुधारू लागले. गाल भरले. दाढी केली. एकदा आंघोळीच्या वेळी शिवशरणांचं, म्हणजे आमच्या संतांचं, वचन म्हणताना मी त्यांना ऐकलं. रोज चारच्या सुमाराला काठी घेऊन बाहेर पडायचे. सिद्धेश्वराच्या देवळात जातो, तळ्याच्या काठाला बसतो, म्हणायचे. मी बायकोला म्हणालो, “बघ, संत्र्यांचा गुण.” ती म्हणाली, “व्हय. असंल की.” आणि परातीतलं पीठ मळत राहिली.

त्या वर्षी माझ्या व्याख्यानाचा विषय होता ‘वृद्धांचा आहार आणि मनःस्वास्थ्य’. मी तयारी करून गेलो होतो. शेवटाला मी म्हणालो, की दूरची उदाहरणं कशाला, माझ्या घरातलंच घ्या; आणि मी अप्पांची हकीकत सांगितली. दुःखानं खचलेला वृद्ध, जाणता मुलगा, संत्री.

व्याख्यान संपल्यावर आठ-दहा माणसं भोवती उभी होती. त्यात एक कापड दुकानदार होता, आमच्याच समाजातला, मिश्कील माणूस. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मास्तर, संत्र्याचं काय घेऊन बसलाव? तुमचं अप्पा रोज चारला व्यंकय्या विणकराच्या ओट्यावर जेवतात की. भाकरी अन् शेंगाची चटणी. अख्ख्या बोळाला ठावं हाय.”

सगळे हसले. वाईट हसले असंही नाही. त्यांना खरंच गंमत वाटली असेल. मीही हसलो. हार माझ्या गळ्यातच होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

व्यंकय्याचं घर आमच्या पलीकडच्या बोळात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. तिथं दिवसभर मागांची खटखट चालू असते. माणसाला बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. व्यंकय्या अप्पांच्याच वयाचा. डोळे अधू झाल्यावर त्यानं माग मुलाला दिला होता आणि तो ओट्यावर बसून सुताच्या कांड्या भरायचा. मी समोरच्या कडुलिंबाच्या झाडामागे उभा राहिलो — हो, झाडामागे, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

अप्पा आले. ओट्यावर बसले. धोतराच्या सोग्यातून फडकं काढलं, फडक्यात भाकरी. फडकं आमच्या घरचं होतं. निळ्या काठाचं, बायकोच्या जुन्या लुगड्याचं. मी ते ओळखलं. तिला ठाऊक असलेली निम्मी गोष्ट ती ही.

व्यंकय्याच्या सुनेनं, नरसम्मानं, आतून एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आणून दोघांच्या मध्ये ठेवलं, चटणी वाढली. मागाच्या आवाजात व्यंकय्या काहीतरी ओरडला. अप्पा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. एक तेलुगू माणूस आणि एक कानडी माणूस मोडक्या मराठीत एकमेकांवर खेकसत होते, आणि मला तुकडे तुकडे ऐकू येत होते: 

“…तुझी भाकरी लई वातड हाय, वाण्या!”

“दात कुटं हायत तुला? वातड म्हनं!”

अप्पा हसले. अव्वा गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. भाकरीचा चुरा करून, चटणीत कालवून, तेल घालून ते खात होते. भराभर खात होते. माझ्या घरी ज्या माणसाला एका भाकरीला पाऊण तास लागायचा तो माणूस. मग थांबले, आणि ताटात उरलं होतं ते त्यांनी व्यंकय्याकडे सरकवलं. व्यंकय्या तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाला. आणि त्यानं ते खाल्लं. ताटात पाणी घातलं, बोटानं धुतलं, आणि पिऊन टाकलं. म्हणजे अप्पांनी त्याला तेही शिकवलं होतं.

मी ओट्यावर जायला हवं होतं. दहा पावलांचं अंतर होतं. मी जाऊन बसलो असतो तर दोघं सरकले असते, नरसम्मानं आणखी चटणी आणली असती, आणि एवढंच झालं असतं. मी किती वेळा मनात ती दहा पावलं चाललो आहे, सांगू?

मी घरी आलो.

आता ते सांगतो.

अप्पा परत आले तेव्हा मी कट्ट्यावर त्यांच्या जागेवर बसलो होतो. मी आवाज चढवला नाही. मी म्हणालो, “अप्पा, तुम्ही व्यंकय्याच्या ताटात जेवता. त्यांच्यात मांसमच्छी शिजते. गळ्यात लिंग असलेल्या माणसानं हे करावं का?”

मी या गोष्टी मानत नव्हतो. हे तुम्हाला नीट कळायला हवं. जातिभेदाविरुद्ध मी व्यासपीठावरून बोललो होतो. विणकरांच्या वस्तीत रात्रीची शाळा काढावी म्हणून अर्ज लिहिला होता. माझ्या मते लिंग म्हणजे एक दगड आणि मांस म्हणजे प्रोटीन. ते शब्द मी एवढ्याचसाठी वापरले, की अप्पा ते मानत होते. माझी खरी तक्रार सांगता येण्यासारखी नव्हती: तुम्ही तिथं जेवलात म्हणून काल आठ-दहा माणसांत माझं हसं झालं. ही तक्रार मी धर्माच्या फडक्यात बांधून त्यांना दिली. त्यांना ती उघडून बघायचं सुचणार नाही हे मला माहीत होतं.

अप्पांचा चेहरा उतरला. हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. म्हणाले, “व्हय की रं. इसरूनच गेलो. भूक लागायची… इसरूनच गेलो बघ.”

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर चार वाजता ते कधी बाहेर पडले नाहीत.

इथंच थांबलो तर निम्मंच सांगितल्यासारखं होईल. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. हातून पाप झालं म्हणून दोन दिवस पाण्यावर राहिले. मग मठातल्या स्वामींना घरी बोलावलं. प्रायश्चित्त सांगा म्हणाले. या स्वामींची मी वाचनालयात नेहमी नक्कल करत असे. त्यांची पालखी, त्यांचा छत्रीवाला, त्यांचं हळूहळू डोळे मिटणं. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे न मिटता म्हणाले, “अरे शिवप्पा, भाकरी तुझ्या घरची, चटणी शेंगाची. शिवाचं नाव घेऊन खाल्लीस न्हवं? मग कसलं पाप? जा, खुशाल जा.”

मी खोलीतच होतो. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. स्वामींकडे नाही, माझ्याकडे. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं. अप्पा स्वामींना हात जोडून म्हणाले, “तुमचं खरं, स्वामी. पर मल्लू शिकलेला हाय. त्याला जास्त कळतंय.”

नरसम्मा तीन-चार दिवसांनी दारात आली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. आत आली नाही. “मास्तर, अप्पा का येत न्हाय वो? आमचा मामा चारला बसून ऱ्हातो. ताट आनू देत न्हाय. शेठ येऊ दे म्हंतो.”

मी म्हणालो, “त्यांना बरं नाही.”

“मग त्येला घिऊन येऊ का हितं? मामाला?”

“नको,” मी म्हणालो. “डॉक्टरनं भेटायची मनाई केली आहे.”

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग गेली. आत अप्पा जागे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. माझी बायको भाकरी थापत होती. ती थापायची थांबली, आणि मग पुन्हा थापू लागली.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग दुधात कालवलेल्या कण्या, मग नुसतं दूध. संत्री सोलून ठेवली तर सुकून जायची. मी त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागलो. हे मी सांगायला हवं, आणि हेही की तेव्हा फार उशीर झाला होता. मी बसलो की ते माझ्या ताटाकडे बघत राहायचे, माझा घास झाला की समाधानानं मान हलवायचे. स्वतः खात नसत. एकदा मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती उचलून हळूच परत माझ्या ताटात ठेवली. म्हणाले, “नको बाबा. माझी लाळ लागंल.”

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे संक्रांतीला, आठ दिवस होते तेव्हा ते गेले. दाखल्यावर डॉक्टरनं वार्धक्य लिहिलं. आमच्यात पुरतात; व्यंकय्या समाधीच्या जागी आला होता, सुनेचा हात धरून, लांब उभा. मी त्याला बोलावलं नाही. दीड वर्षानं तोही गेला.

आता मी पन्नाशीला आलो आहे. शाळेतून परत येताना मी मुद्दाम त्या बोळातून येतो. लांबचा रस्ता आहे. माग चालू असतात. ओट्यावर नरसम्मा कांड्या भरत बसलेली असते. ती मला ओळखते, “काय मास्तर” म्हणते, आणि कांडीकडे बघते. जेवलात का, असं ती विचारत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, मी ऐकलं आहे. गेल्या महिन्यात मी ओट्यापाशी थांबलो. खरंच थांबलो. ती म्हणाली, “काय पायजे?” मी म्हणालो, “काही नाही.” आणि काय पाहिजे होतं ते मला अगदी स्पष्ट माहीत होतं.

माझी मुलं कानडी बोलत नाहीत. मी शिकवली नाही. पुढं उपयोग नाही असं माझं मत होतं. दिवेलागणीला घरी आलो की बायको विचारते, “वाढू का?” तो प्रश्न वेगळा. तिच्यावर माझा काही राग नाही. कट्टा रिकामा असतो. कधी कधी मी आत जायच्या आधी तिथं जरा उभा राहतो. कुणी काही विचारेल म्हणून नव्हे. चपला काढायला वेळ लागतो, एवढंच.

अप्पांच्या शोकसभेत मी बोललो होतो. मिताहारावर बोललो, पाऊण तास. अन्नावरची आसक्ती सोडून देहाच्या पलीकडे गेलेला पुरुष, असं मी त्यांचं वर्णन केलं. लोकांचे डोळे पाणावले. समाजाच्या सभागृहात त्यांचा फोटो लावायचा ठराव तिथंच एकमतानं मंजूर झाला. फोटो मी दिला. खाली सोनेरी अक्षरांत ‘मिताहारी शिवशरण’ असं लिहिलेलं आहे.

शेवटच्या दिवसांतला त्यांचा फोटो कुणी काढलेला नव्हता. घरात होता तो एकच, अव्वा असतानाचा, जोडीनं काढलेला. चौकटीत बसावा म्हणून अव्वा कापावी लागली. अप्पांच्या सदऱ्याची पोटावरची दोन बटणं त्यात लागलेली नाहीत.